बदललेली नोटशीट

मित्रदेशांच्या सैन्याला नकाशे आणि भूभागाची माहिती द्यायची, पण किती द्यायची ते दहा ठिकाणी विचारून द्यायची, हे माझं नोकरीतल्या शेवटच्या सहा वर्षांचं काम होतं. कार्यालय कोलकात्यात खिदिरपूरला, गोदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

संयुक्त सराव ठरला की पाहुण्या सैन्याकडून मागण्यांची यादी यायची: रस्ते, बांध, पाण्याची खोली, हेलिकॉप्टर उतरेल अशी मैदानं. प्रत्येक गोष्टीची परवानगी वेगळी. रस्त्यांना एक खातं हो म्हणायचं, बांधांना दुसरं, आणि खोलीचे आकडे दिल्लीला गेले की तिकडचेच व्हायचे. जे देता येत नाही ते आम्ही नकाशावरून पुसायचो. एका बैठकीत पाहुण्यांच्या एका तरुण अधिकाऱ्याने अतिशय नम्रपणे आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन महिने पत्रं लिहून आम्ही पुसलेली जेट्टी त्याच्या उपग्रहचित्रात स्वच्छ दिसत होती, कठड्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांसकट.

“ही आहे ना अजून जागेवर?” त्याने विचारलं.

“त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही,” मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन बायकोवर चिडलो.

गढूळ पाण्याखालची वाळू मात्र उपग्रहाला दिसत नाही. तिथे त्यांना आमच्यावरच विसंबावं लागायचं, आणि घोळ तिथेच झाला.

त्या वर्षी चक्रीवादळानंतरच्या मदतकार्याचा सराव होता, सुंदरबनाच्या एका खाडीच्या तोंडाशी. निवृत्तीला मला आठ महिने उरले होते. खाडीचा जो नकाशा द्यायची परवानगी होती तो दोन पावसाळ्यांपूर्वीच्या मोजणीचा. नवी मोजणी आमच्याच कपाटात होती, पण तिला परवानगी आली नव्हती. नकाशा तयार करणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस दिदी म्हणायचं; त्या माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. फाइलच्या हिरव्या नोटशीटवर त्यांनी लिहिलं की या नकाशातल्या खोलीवर विसंबू नये, वाळूचा पट्टा सरकला आहे, निदान नकाशावर तसा शेरा छापावा.

शेरा छापायचा तर नवी मोजणी अस्तित्वात आहे हे कबूल करावं लागणार, म्हणजे फाइल पुन्हा दिल्लीला. सरावाला नऊ दिवस होते. मी वर फोनवर शब्द देऊन बसलो होतो.

“दिदी, हे पान बदला. आक्षेपाशिवाय नवीन लिहा.”

“सर, वाळू काही दिल्लीच्या परवानगीसाठी थांबत नाही.”

“आणि सराव तुमच्या वाळूसाठी थांबत नाही. लिहा.”

पान बदलणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट होती. वरिष्ठाला नोट आवडली नाही की ती नव्याने लिहायची, पानाचा क्रमांक तोच ठेवायचा. दिदींनी नवं पान लिहिलं, सही केली. जुनं मी कागद कापायच्या यंत्रात घातलं. कुणी दबाव आणला होता असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कुणी आणला नव्हता. त्या फाइलचा मला वीट आला होता, एवढंच.

ओहोटीला पाहुण्यांची एक नाव वाळूत रुतली. ती ओढून काढताना दोर सुटला आणि त्यांच्या एका खलाशाचा पाय गुडघ्याखाली मोडला. चौकशी बसली. दिदींनी सांगितलं की आपण आक्षेप लिहिला होता. अधिकाऱ्याने फाइल चाळली, पानांचे क्रमांक सलग होते. त्याने मला विचारलं. मी म्हणालो, “फाइलवर तसा आक्षेप दिसत नाही.” वाक्य खरं होतं. दिदी टेबलापलीकडून माझ्याकडे बघत होत्या. मी चष्मा पुसत बसलो. त्यांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा गेला आणि पुढची बढती हुकली. मला निरोपाला शाल मिळाली.

बारा वर्षं मी सॉल्ट लेकला राहतो आहे, तब्येत ठीक आहे. दीड महिन्यापूर्वी जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की दिदी पुढच्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतात. शेरा त्याआधी निघाला पाहिजे म्हणून मी कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं: पान मी बदलायला लावलं, दोष माझा. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्यानंतर दोन ओळी आल्या: आपण उल्लेख केलेली फाइल गोपनीय असून तिच्यातील मजकूर आपणास कसा ज्ञात आहे, याचा खुलासा करावा. त्या फाइलवर माझ्या अकरा सह्या आहेत!

“बारा वर्षं गप्प बसलात,” बायको म्हणाली, “आणि आता तीन आठवडे दम निघत नाही तुम्हाला.”

मग दिदींचाच फोन आला. येऊन भेटा, एवढंच म्हणाल्या. मी गार्डन रीचला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बिनदुधाचा लाल चहा पुढे ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

“सर, ती पत्रं लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. मला वाटलं, शेरा निघेल.”

“शेरा निघत नाही, प्रकरण निघतं. तुमच्या पत्रामुळे चौकशी पुन्हा उघडलीय. माझ्यावर चौकशी बाकी नाही असा दाखला मिळाल्याशिवाय निवृत्तीचे कागद पुढे सरकत नाहीत. दाखला अडकलाय. चौकशीला दोन वर्षं लागतील, नाहीतर पाच.”

“पण मी खरं तेच लिहिलंय.”

“तेव्हा लिहायचं होतंत. तेव्हा तुमच्या एका वाक्याने काम झालं असतं.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “परत घ्या पत्र. वय झालं, आठवणीत गफलत झाली, असं लिहा. ते लगेच मान्य करतील.”

“म्हणजे शेरा तसाच राहील.”

“शेऱ्यासह बारा वर्षं काढली मी. त्याची सवय आहे. तुमच्या पश्चात्तापाची नाही. तो माझ्या दारात आणून ठेवू नका, सर.”

मी वाद घालून पाहिला. वकील गाठू, वर जाऊ, असं काहीबाही बोललो. त्या ऐकत होत्या, पण मत बदललं नाही. मी मागितला तेव्हा त्यांनी मला एक कोरा कागद दिला. त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर मी लिहून दिलं की वयोमानामुळे माझ्या स्मरणात चूक झाली असून पूर्वीची तिन्ही पत्रं रद्द समजावीत. दिदींनी ते दोनदा वाचलं आणि तारीख घालायची राहिली होती ती घालायला सांगितली.

कार्यालयाने ते पत्र चार दिवसांत स्वीकारलं. इतक्या तत्परतेने माझा कुठलाही कागद तिथे कधी हलला नव्हता. दाखला निघाला. दिदी परवा शेऱ्यासकट निवृत्त झाल्या.

माझ्या स्मरणात चूक झालेली नाही. त्यांनी आक्षेप लिहिला होता, स्वच्छ अक्षरात, साडेतीन ओळींचा.