बरणीतल्या जेलीफिश

रविवार, ३ डिसेंबर १९८९, सकाळ. पालघरचं आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारी, सासूबाई, आणि दातिवऱ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशी. गैरहजर: आमचे हे, बोईसरला पहिली पाळी.

ओट्यावर लोणच्याची काचेची बरणी. तिच्यात समुद्राचं पाणी आणि कालवाचा एक शिंपला. मोठ्या जेलीफिशमध्ये नर-मादी असतात. त्यांच्या अंड्यातून निघालेला जीव पोहत जाऊन अशा शिंपल्याला चिकटतो आणि तांदळाच्या कणीएवढा देठ होतो. महिनोन्महिने तसाच बसतो, कडेने नवे देठ फुटत राहतात. मग पाणी गार झालं की देठाच्या चकत्या पडतात आणि एकेक चकती जेलीफिश होऊन सुटते. निदान पुस्तकात तरी असं होतं. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. दसऱ्यापासून मी त्या देठांना कालवं कुस्करून भरवत होते आणि मावशी दर रविवारी डबाभर ताजं पाणी आणत होत्या. पण आता आवळे आले होते. सासूबाईंना बरणी आजच रिकामी हवी होती.

“यांनी आमचं जाळं भरतंय, हात सोलून निघतात,” मावशी म्हणाल्या. “आन् बाई, तुमी पाळताय?”

“मला नातवंड दाखवायच्या आधी हिला यांची पिल्लं बघायचीत,” असं म्हणत सासूबाईंनी बरणी उचलली, आणि थबकल्या. “अगं, ही उतरंड कोणी रचली?”

मी भिंग घेऊन धावले. देठाच्या जागी इवल्या बशांची उतरंड! सगळ्यात वरची आखडत होती, पसरत होती.

“आई, हलवू नका!”

“मी कुठं हलवतेय? हात भरून आला माझा!”

आणि ती सुटली! आठ पाकळ्यांची चांदणी, टाचणीच्या डोक्याहून जराशी मोठी, झटके देत वर निघाली. मागोमाग दुसरी. मी ओट्यासमोर चक्क नाचले. सासूबाई शेजारी दुसरी बरणी मागायला गेल्या.

मावशींनी माझ्या हातातलं भिंग घेतलं ते सोडलंच नाही. “ही आग करणारी हाय का साधी?”

“एवढ्यात ओळखू येत नाही, मावशी. मोठी झाली की सांगते.”

आठवड्याभरात त्या सगळ्या विरून गेल्या. त्यांना लागणारं बारीक जिवंत खाणं मला पुरवता आलं नाही. पुढे आणखी शिंपले आणले, चांदण्या सुटल्या, मी तितकीच नाचले. एक तरी तळहाताएवढी वाढवून मावशींना उत्तर द्यायचं अजून बाकी आहे.