खरादीला भरवलेला घास

निजामाच्या अमलात मोमिनाबादच्या कचेरीत आणि परळीच्या पेढ्यांवर जे लाकडी टाक चालत, त्यांतले पुष्कळसे सिरसाळ्याच्या आसाराम कातारी याच्या हातचे असत. पोलादी निब बाहेरून येई. परंतु ते ज्या दांडीत बसवायचे, ती लाखेने चकाकणारी दांडी आसारामच्या खरादीवर उतरे. दोन ठोकळ्यांमधल्या लोखंडी टोच्यांत लाकूड अडकवायचे, उजव्या हाताने कमान ओढून ते फिरवायचे, डाव्या हातात पटाशी धरायची आणि तिचे पाते पायाच्या अंगठ्याने सावरायचे, असे ते काम होते. त्याच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्या घट्ट्याचाही त्याला अभिमान होता. "वाकडं काम माज्या खरादीवरून उतरतच न्हाई," असे तो चारचौघांत म्हणत असे. माणसाने असे बोलू नये. पण हे त्याला उशिरा कळले.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर टोचे झिजले. शेजारच्याच भिंतीला धुळाजी लोहाराची भट्टी होती. आसारामच्या वडिलांचे टोचेही धुळाजीनेच घडवले होते, म्हणून आसाराम त्याला मामा म्हणे. उतारवयामुळे धुळाजीला थोडे कमी दिसू लागले होते. गावाला ते ठाऊक होते, परंतु कोणी तसे बोलून दाखवीत नसे. धुळाजीने नवे टोचे घडवून दिले.

कातारी घराण्यात एक रीत होती. खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की पुरणपोळीचा पहिला घास खरादीला भरवायचा, आणि मग घरच्यांनी जेवायचे. तो घास हाताने काढायचा नाही. मुंग्या नेतील तेव्हा नेतील. दरवर्षी तो ठोकळ्याच्या माथ्यावर ठेवीत. या खेपेला जुने टोचे काढलेले असल्यामुळे ठोकळ्याचे भोक उघडे होते. आसारामला वाटले, हेच तर तिचे तोंड. त्याने मनोभावे तूप लावलेला घास अंगठ्याने आत दाबला. दसऱ्याचे सोने वाटून झाल्यावर त्याच भोकात त्याने नवा टोचा ठोकून बसवला.

दिवाळीच्या आधी कचेरीचा शिपाई टाकांची जुडी परत घेऊन आला.

"पेशकारसाहेब लई तापलेत. टाक फिरवला की निब डोलतंय, कागदावर शाई सांडतीय," तो म्हणाला. "आन् म्हणाले, कातारी दारू प्यायला लागला का, ते बी इचारून ये."

आसारामने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याची मान खाली गेली.

त्याने एकेक दोष शोधण्यास आरंभ केला. पटाशी बोथट असेल म्हणून ती दगडावर लावली. कमानीची वादी निसटत असेल म्हणून तिला राळ चोळली. लाकूड ओले असेल म्हणून दोन उन्हाळे वाळलेला धावडा काढला. ठोकळ्याची पाचर ठोकली, पटाशीच्या टेकूची पट्टी खाली-वर केली. हे सर्व उपाय योग्यच होते. परंतु टोचा ठोकला की पहिले काही टाक सरळ उतरत आणि मग पटाशीचा दाब पडला की टोचा केसभर डोले. टाक एका अंगाला जाड होई. शेवटी नवे काय आहे, याचा त्याने विचार केला. नवे एकच होते.

बाजारच्या दिवशी धुळाजीच्या भट्टीपाशी पेरणीच्या घाईतले शेतकरी दाटले होते. आसारामने ते टोचे ऐरणीवर आपटले.

"मामा, हे टोचे हायत का म्हशीचे खुटे?"

लोक हसले. धुळाजीने घण खाली ठेवला. "काय झालं ते तर सांग की."

"डोळे गेले तुमचे, हे झालं. माजी अब्रू गेली कचेरीत. बारीक कामाला आता हात लावू नका."

शहादेव नावाचा एक शेतकरी हातातला फाळ घेऊन उभा होता. त्याने तो हळूच खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. मला तसंबी परळीला जायचंच हाय."

दुसऱ्या दिवशी धुळाजी स्वतः येऊन टोच्यांची नवी जोडी उंबऱ्यावर ठेवून गेला. मोबदला त्याने घेतला नाही. आसारामने जोडी बसवली. टाक पुन्हा डोलू लागले.

तो कपाळाला हात लावून बसला असता त्याची बायको बायडाबाई सारवण्याचे शेण घेऊन आली. ती ठोकळ्याकडे वाकून पाहू लागली.

"अवो, ह्या मुंग्या आत कावून चालल्यात?"

आसारामने टोचा उपसला. भोकाच्या तळाशी पुरणाचा घास खडा होऊन बसला होता. टोच्याचे शेपूट त्यावर टेकत होते. ठोकताना घट्ट वाटे, आणि घास आत चुरला की सैल होई. रीत मोडल्याबद्दल खरादीच्या पाया पडून त्याने सळईने ते भोक खरवडले. टोचा तळापर्यंत गेला आणि धावड्याचा टाक सुतासारखा सरळ उतरला.

इतका चांगला टाक हाती येऊन आसारामला इतके वाईट कधी वाटले नव्हते.

"कुणाला बोलू नगंस," तो म्हणाला.

"मी न्हाई बोलत. पर तुमी जे बोललात, त्याचं काय?"

टाक कचेरीत पसंत पडले. गावात लोक म्हणू लागले, आसारामने कान उपटले म्हणून म्हाताऱ्याने दुसरी जोडी नीट केली. आसाराम ते ऐकून घेई आणि गप्प राही. भिंतीपलीकडच्या घणाचा ठेका बदलला होता. आता धुळाजीचा पुतण्या सुग्रीव घण मारी आणि धुळाजी भात्याची दोरी ओढीत बसे. आसाराम पाण्याला मागच्या बोळाने जाऊ लागला. जेवताना पहिला घास उचलला की त्याला मुंग्या आठवत आणि ताट तसेच राही.

दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले. मग एका बाजारी तो भट्टीपुढे जाऊन उभा राहिला.

"मामा, टोचे चांगले हुते. पयले बी आन् दुसरे बी. खंडेनवमीचा घास मीच भोकात दाबला हुता."

शहादेव तिथेच होता. "म्हाताऱ्याची कीव आली का बे तुला?" तो म्हणाला. दोघे-चौघे हसले.

"कीव न्हाई. खरं हाय ते."

धुळाजीने भाता थांबवला. "मग पयली जोडी लावून दाव ह्यांना."

"ती तर मी हितंच टाकून गेलतो."

"तिचे खिळे झाले. वाया गेलेलं लोखंड म्हणून मीच गाडीच्या चाकाच्या धावंला मारले," धुळाजी म्हणाला.

दाखवायला काहीही उरले नव्हते. आसारामने ऐरणीवर हात ठेवून शपथ घेतली. काहींनी माना हलवल्या, काहींनी नजर वळवली.

"तुला कळलं कवा?" धुळाजीने विचारले.

"लई दिस झाले."

"म्हंजी मी भाता वढतोय, ते तू भिंतीपल्याड ऐकत हुतास."

शहादेवाने ओशाळून आपला फाळ पुढे केला. धुळाजीने तो घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला आणि सुग्रीवाच्या हाती दिला.

"तूच बघ. मला धार नीट दिसंना."

ते खरे होते की आपल्या शब्दांनी तसे झाले होते, हे आसारामला कळेना, आणि विचारण्याचे तोंडही त्याला राहिले नव्हते. तो भात्याजवळ खाली बसला आणि दोरी ओढू लागला. त्याला कोणी बस म्हणाले नाही, आणि ऊठही म्हणाले नाही.