झोंबतंय म्हणजे लागतंय

दोमितिला चिलोन तोंडाने फटकळ होती, पण तिच्या हाताला गुण आहे, असं वाम्बोकान्चा गावात सगळेच म्हणायचे. कुणाचं पोर फिकं दिसलं, की त्याच्या आईला आधी शिव्या बसायच्या आणि मग तिच्या शालीत ओंजळभर रसभरी पडायची. "नुसते बटाटे कोंबून पोर फुगतं गं, अंगाला लागत नाही. हे रोज खायला घाल!" लघवीला त्रास असेल त्याला पाल्याचा काढा, घसा धरला तर रसात मध. आणि डोळ्यांसाठी थेंब. त्या थेंबासाठी तर पार खालच्या वस्त्यांमधून माणसं यायची.

थेंबाची रीत तिच्या आईची. फळ पहाटे तोडायचं, त्याची कागदी टोपी दाताने सोडवायची, घायपाताच्या काट्याने टोचायचं. पहिला थेंब जमिनीला, दुसरा डोळ्याला. माणूस कळवळला की दोमितिला खूश. "झोंबतंय ना? म्हणजे लागतंय. वाढलेलं मांस खातंय ते."

दवाखान्यातल्या नर्सने तिला एकदा समजावलं होतं. "मावशी, फळ खायला द्या. डोळ्यांना लागतं ते सगळं त्यात आहे, पण ते पोटातून पोचतं. डोळ्यात काही घालू नका."

"माझी आई घालायची तेव्हा तू पाळण्यातसुद्धा नव्हतीस," दोमितिला म्हणाली. विषय संपला.

तिचा नवरा सेनोबियो पाथरवट. गावातले निम्मे पुरुष तेच करतात. ऊन आणि दगडाची धूळ खाऊन त्याच्या दोन्ही डोळ्यांत कोपऱ्यातून मांस चढत होतं. मुलगी एदेल्मिरा शहरात असते. तिने बापाला दगड फोडताना घालायला जाड काचांचा चष्मा पाठवला, तर या बाबाने तो गाढवाला घातला.

"शोभतोय की नाही?"

"शोभणारच! ज्या गाढवाला हवा त्याला नको ना!" आणि मग वर्षभर तिने त्याला त्या चष्म्यावरून सळो की पळो करून सोडलं.

एकदा तो एका दगडी कारंज्याच्या कामावरून आला तो उजवा डोळा लालभडक.

"काय झालं रे म्हाताऱ्या?"

"काही नाही. धूळ."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने थेंब टाकला. सेनोबियो असा किंचाळला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. तिला वाटलं, चला, लागलं औषध! पुढेही रोज टाकत राहिली. तो भिंतीला धरून उभा राही आणि ब्र काढत नसे. डोळ्यातून पू आला तेव्हा कुठे तिच्या पाचावर धारण बसली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळा काढूनच टाकला. "आत दगडाची कच घुसली होती. वर काय घातलंत?" दोमितिलाने सांगितलं. बाई चिडल्या नाहीत, आणि तेच तिला फार लागलं. "आता दुसरा डोळा जपा. एकाला अशी इजा झाली की कधीकधी चांगलाही बिघडतो. जरा धूसर दिसलं तरी त्याच दिवशी या. वेळेवर आलात तर वाचवता येतो."

बाहेरच्या बाकावर तिने नवऱ्याला विचारलं, "कच गेली होती तर बोलला का नाहीस?"

"तुझं तोंड सुरू झालं असतं. चष्म्यावरून."

माझ्या जिभेला भिऊन गप्प बसला आणि माझ्या हाताने डोळा गेला! हे तिच्या काळजात जे रुतलं ते रुतलं. दोमितिला बोलायचीच बंद झाली. थेंबासाठी माणसं येत, ती दार लावून घेई. पोरांना रसभरी मिळे, पण शिव्या नाहीत, आणि शिव्यांवाचून ती घ्यायला पोरंसुद्धा बिचकत. सेनोबियो एका डोळ्याने छिन्नी चालवायचा. ती नुसती बघत बसायची, आणि रोज एकच विचारायची, "नीट दिसतंय ना?"

"दिसतंय, दिसतंय."

पुढे पाऊस सरला, झुडपं लगडली. एका दुपारी सेनोबियोने चिखलाच्या पायांनी चुलीपर्यंत मजल मारली आणि दोमितिलाचा पहिल्यासारखा भडका उडाला. "डोळे काय गहाण ठेवलेत का, मेल्या!" बोलली आणि तिनेच जीभ चावली. पण तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून तिचं तोंड पुन्हा हळूहळू सुटलं. शेजारणींनाही हायसं वाटलं.

काही आठवड्यांनी दोघं अंगणात बसली होती, ऐन उन्हात. तिने एक रसभरी सोलून त्याच्यापुढे धरली. चांगली केशरी, टचटचीत.

त्याने चाचपत घेतली, बोटांनी दाबली. "पिकलीय का गं? हिरवी असली तर पोटात मुरडा येईल."

दोमितिलाने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "इकडे बघ. माझी शाल कुठली आहे?"

"...लाल."

निळी होती.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"अरे, त्याच दिवशी यायला सांगितलं होतं ना त्यांनी! आता कशाला भ्यायलास? शिव्यांना?"

"शिव्यांना नाही गं," सेनोबियो म्हणाला. "नुकती कुठे बोलायला लागली होतीस. परत गप्प बसली असतीस."

तिने त्याचं मनगट धरून त्याला उठवलं आणि खेचत शहराच्या रस्त्याला लागली. ओक्साबोक्शी रडत होती आणि तोंडाला येईल ती शिवी देत होती. सेनोबियो तिच्या मागून ठेचकाळत, मान हलवत सगळं ऐकत होता. डोळा काही वाचला नाही.