धाकटीच्या हातचं इंजिन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या आईला नाही. देवापुढं बसले आणि हा विषय मनात आला, तर घाईघाईनं नातवंडांची नावं घेऊन उठते. आज तुमच्यापुढं बसलेय, आणि बघा ना — अजूनही आधी दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतंय.

बरं, इंजिनापासून सांगते. मांडवगण फराट्याला आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. हँडल मारून चालू करायचं. वीज होती म्हणायला. कधी येई, कधी जाई, तिचं तिलाच ठाऊक. आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. स्वतःच्या रानात पाणी खेळताना त्यांनी उतारवयात पाहिलं, म्हणून त्या इंजिनावर त्यांचा फार जीव. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. आणि ती पूजा करायची मी. थोरली सून ना मी! घरात मान म्हणून तेवढाच माझ्या वाट्याला आलेला. शेण, भाकरी, धारा, ही कामं मान म्हणून कोण मोजतं?

मग नंदा आली. माझी धाकटी जाऊ. दौंडची पोर, वडिलांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमचं इंजिन रुसलं. दोघा भावांनी हँडल मारून मारून खांदे भरून घेतले. इंजिन फिरे, पण धरत नव्हतं. नंदा पदर सावरत पुढं झाली. पाइपाचा नट थोडा सैल केला, फेस जाऊन साफ डिझेल येईपर्यंत थांबली, नट आवळला आणि नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला म्हणाली, "आता मारा." इंजिन धडधडायला लागलं. हवा धरली होती म्हणे.

तिथून जे सुरू झालं! आबा गावभर सांगत सुटले, "आमची धाकटी इंजिनाची डाक्टर हाय." चहा पिताना तेच, जेवताना तेच, आणि तेही मी थापलेली भाकरी मोडता मोडता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं. खरं सांगू? नंदा वाईट असती तर बरं झालं असतं. ती मला अक्का म्हणायची. मला ताप आला की माझ्या वाटची कामं न सांगता उरकायची. आणि इंजिन चालू झालं की अशी हसायची, माहेरचं माणूस भेटल्यासारखी. ते हसू मला बघवत नसे.

त्या दसऱ्याला आबांनी पूजेचं ताट तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "अक्का हायेत की." आबा म्हणाले, "या वर्सी तूच कर." मी हसून बाजूला झाले. हसले बरं का!

दिवाळी झाली. कवठे येमाईहून आबांचे जुने सोबती यायचे होते, एकेकाळी मेंढरं घेऊन बरोबर फिरलेले. आबांनी त्यांना निरोपच धाडला होता — आमची सून इंजिन कसं लावते ते बघायलाच या. त्या सकाळी डिझेलचा डबा विहिरीवर न्यायला कुणाला सांगितलं असेल? मला. तिच्या कौतुकाचं सामान माझ्या डोक्यावर! विहिरीपाशी तेव्हा चिटपाखरू नव्हतं. पाणी प्यायचा तांब्या तिथंच पालथा होता —

सांगतेच आता. मी तांब्या भरला, डब्याचं झाकण काढलं आणि पाणी आत ओतलं. सांडलं नाही, चुकून पडलं नाही. ओतलं.

पाहुणे बांधावर बसले. नंदानं डबा टाकीत रिकामा केला, दिरानं हँडल मारलं. इंजिन धडधडलं, आबांचा हात मिशीकडं गेला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. मग फिरे, पण धरेना. नंदानं इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नॉझलजवळ कान नेला. "कर्र वाजतंय, म्हंजी पंप डिझेल फेकतोय." नट सैल करून बघितला. "हवा बी न्हाई." मग फिल्टरखालचा नट काढून तिनं धार तळहातावर घेतली. डिझेलमध्ये पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते.

"आबा, डिझेलात पाणी हाय," ती म्हणाली. बरोबर ओळखलं तिनं. टाकी रिकामी करून तिनं तिथल्या तिथं इंजिन चालूही केलं असतं. म्हणजे पुन्हा तेच हसू तिच्या तोंडावर!

आबांनी विचारलं, "पानी आलं कुठनं?"

कुणी माझ्याकडं बघायच्या आत मी बोलून गेले, "काल सांजच्याला हिनंच डबा रांजणापाशी उघडा ठिवला व्हता. मी म्हनलं बी, झाकण लाव म्हणून."

साफ खोटं. पाहुण्यांतला एक म्हणाला, "आबा, डाक्टरनीनंच इख पाजलं की!" सगळे हसले. आबांचा चेहरा उतरला. नंदानं माझ्याकडं पाहिलं. आदल्या दिवशी तिनं डब्याला हातही लावला नव्हता, हे तिला माहीत, मला माहीत. पण परक्या माणसांपुढं थोरल्या जावेला खोटं पाडायचं? ती खाली मान घालून म्हणाली, "माझ्याच हातनं झालं असंल."

आबांनी हँडल काढून घेतलं. "बास. बायामान्साचं काम न्हाई ह्ये." दुसऱ्या दिवशी शिरूरहून मिस्त्री आणला. ती करणार होती तेच त्यानं केलं. पुढच्या दसऱ्याला पूजेचं ताट माझ्याकडं आलं, आणि मी ते घेतलं. नंदाला इंजिनापाशी नंतर कुणी जाऊ दिलं नाही. ती घरात गप्प गप्प राहू लागली. लोक म्हणाले, धाकटी आता घरात रुळली.

काही वर्षांनी रानात विजेची मोटर बसली. दीर तोवर रांजणगावला कंपनीत लागले होते. इंजिन विकायला काढलं. घेणारा म्हणाला, चालू करून दाखवा. पडून पडून ते रुसलेलं. फिरे, पण धरेना. आबा फार थकले होते. काठी टेकत नंदाकडं वळले. "पोरी, बघ की जरा."

तिला येत होतं. हँडल फिरताना ती मान कलती करून नेमकी नॉझलकडं कान देऊन उभी होती, मी पाहत होते. पण म्हणाली, "न्हाई जमायचं, आबा. इसरले मी."

आबा तिच्याकडं बघत राहिले. मी मध्येच उभी होते, दोघांच्याही जवळ. पाणी मी ओतलं होतं, एवढ्या एका वाक्याचं काम होतं. ते मी बोलले नाही. आता ही इंजिनाला कधीच हात लावणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मला बरं वाटलं.