काचबिंदू आणि जोडसायकलची पुढची सीट

काळ्या पडद्यासमोर मला बसवलं होतं. एक डोळा कापसाच्या बोळ्यानं झाकलेला. पडद्याच्या मधोमध एक खूण, तिच्याकडेच पाहायचं, नजर हलवायची नाही. सिस्टरबाईच्या हातात काळी काठी, काठीच्या टोकाला पांढरा मणी. मणी दिसला की "हव" म्हणायचं.

मी खुणेकडे पाहत बसलो. बराच वेळ काहीच नाही. मान अवघडली. शेवटी मीच म्हटलं, "बाई, सुरू करा नं. आमाले गावाले जायचं आहे."

बाई म्हणाली, "अहो, कधीचंच सुरू आहे."

माझी बायको सगुणा बाजूला उभी होती. तिला तो मणी पहिल्यापासून दिसत होता. वरून येताना, खालून येताना, सगळीकडून. तिनं तोंडाला पदर लावला.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी मला कळलं की माझी नजर बरीचशी गेलेली आहे. ती जात होती तेव्हा मला पत्ताही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "हा ग्लॉकोमा आहे. म्हणजे काचबिंदू. मोतीबिंदू वेगळा, तो काढता येतो." त्यांनी समजावून सांगितलं ते असं. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि बारीक वाटेनं निघून जातं. वाट बुजली की आत प्रेशर वाढतं आणि डोळ्यामागची नस मरायला लागते. नजर कडेकडून जाते. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस फसतो.

मी सायकलवाला. म्हटलं, "म्हणजे ट्यूबमधी हवा जास्त झाली. तं व्हॉल्व ढिला करून काढून टाका."

डॉक्टर हसले. "ऑपरेशन तेच आहे. पाण्याला नवी वाट करून देऊ. पण जेवढी नस मेली तेवढी नजर परत येत नाही. उरलेली राखायची."

सगुणानं विचारलं, "हे सायकल चालवतील का जी?"

"हँडल धरायचं नाही. कधीच नाही."

मी सिहोऱ्याला सायकली दुरुस्त करायचो. चौथी शिकलेला. लोक मला मिस्त्री म्हणायचे. जवळच्या मॅंगनीजच्या खाणीतला एक साहेब बदलून गेला तेव्हा त्याची जोडसायकल भंगारात निघाली, ती मी आणली. दोन सीट, दोन हँडल, चार पायडल. मागचं हँडल नुसतं धरायला, ते वळत नाही. पुढच्या पायडलपासून मागच्या पायडलपर्यंत एक चेन, तिथून चाकाला दुसरी. दोघांचे पाय बरोबरच फिरतात, एकानं थांबायचं म्हटलं तर दोघांना थांबावं लागतं.

पुढं मी, मागं सगुणा, आणि पोरगी कुसुम झाल्यावर पुढच्या दांड्यावर तिची वेताची छोटी सीट. सगुणाचं माहेर बपेरा. सण असो, लग्न असो, आम्ही तिघं त्याच सायकलवर. गावातली पोट्टी ओरडायची, "आगगाडी आली, आगगाडी आली!" सगुणा मागून म्हणायची, "डब्बा बोलून राहिला. इंजिनले इचारा."

दोन माणसांचं वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून त्याचे स्पोक लवकर ढिले पडतात. दर बाजाराच्या दिवशी मी ते चाक काढून आऊट काढायचो. आऊट काढणं म्हणजे डुलत फिरणारी रिम स्पोक आवळून सरळ करणं. त्याला एकाच जागी नजर लावून बसावं लागतं. केसाएवढा आऊटही मला दिसायचा. त्याचाच मला माज होता.

सगुणा म्हणायची, "तुमचे डोये दाखवा एकडाव. तांब्या डाव्या हाताले ठेवला का तुमी लाथाडताच."

मी म्हणायचो, "रिमचा आऊट दिसते मले, अन् तू तांब्याचं सांगतेस वं?"

दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा. रस्त्यात बाजूनं कोणी रामराम केला तर मी तसाच पुढं जायचो. लोक म्हणाले, मिस्त्री माजला. जोडसायकल डावीकडे जास्त जाते असं मला वाटायला लागलं. मी तिचा फोर्क खोलला, बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या, पुढचं चाक पुन्हा पुन्हा सरळ केलं. सायकल चांगली होती. तिच्यात काहीच बिघाड नव्हता.

मग बपेऱ्याच्या रस्त्यावर ते झालं. डाव्या बाजूच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, भरलेली बैलबंडी रस्त्यावर चढत होती. सगुणाला माझ्या पाठीआडून दिसली तेव्हा ती ओरडली, "अवो, बंडी! डाव्या अंगानं बंडी!"

मी म्हटलं, "कुठी आहे वं बंडी?" आणि आम्ही बंडीच्या चाकावर गेलो.

बंडीवाला खाली उतरून म्हणाला, "काहून जी मिस्त्री, दिसत नाई का? बैल आहेत, उंदरं नाईत!"

कुसुमची हनुवटी फुटली. तुमसरच्या डॉक्टरनं टाके घातले. घालताना त्यानं बाजूनं माझ्याकडे कापूस धरला. "हे धरा." मी धरला नाही. "अहो, धरा म्हणतो ना!" मी तसाच. मग त्यानं सुई बाजूला ठेवली, माझ्या कानाजवळ बोटं हलवली आणि मला नागपूरची चिठ्ठी दिली. पोरीच्या हनुवटीनं बापाची उरलेली नजर वाचवली असं मी आजही म्हणतो.

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग उजव्या. वॉर्डात डोळ्यावर पट्टी बांधून पडलेलो असायचो. सगुणा खाटेखाली चटई टाकून बसायची. प्रेशर मोजायचं तेव्हा डोळा बधिर करतात आणि त्यावर एक बारीकसं वजन ठेवतात. भ्यायचं काही नाही. मी भ्यालो होतो, म्हणून सांगतो.

डाव्या डोळ्यात अंधूक उजेड राहिला. उजव्यात मधला गोल राहिला, जणू वेळूच्या नळीतून पाहावं तसा. पायलोकार्पिन नावाचे थेंब दिले. त्यानं बाहुली बारीक होते, कपाळ दुखतं, घरात शिरलं की सगळं काळवंडतं. डॉक्टर म्हणाले, "थेंब टाकून जास्त दिसत नाही, म्हणून लोक सोडून देतात. सोडले की उरलेलंही जातं. एक दिवस चुकवू नका."

घरी आलो. जोडसायकल भिंतीला लावली आणि म्हटलं, विकून टाकू.

सगुणा म्हणाली, "काहून? तुमी मागं बसा. मी चालवतो."

मी म्हटलं, "बायको पुढं अन् मी मागं? तोंड दाखवाले जागा राहील का?"

"तुमाले तं लोकाचं तोंडही दिसत नाई. कायले लाजता?"

मी ऐकलं नाही. उन्हाळा गेला. मी दुकानात बसून हातानं चाचपून कामं करायचो आणि तिच्याशी धड बोलायचो नाही. ती वेळेवर थेंब टाकायची, तेवढंच.

पावसाळ्यात तुमसरच्या रस्त्यावरचा रपटा वाहून गेला. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. बस बंद. आणि थेंबांची बाटली संपत आलेली. सगुणानं बाटली उजेडात धरून पाहिली, लुगड्याचा कासोटा घट्ट मारला आणि जोडसायकल अंगणात काढली.

मी पुढच्या सीटवर हात ठेवला. सीट खाली केलेली होती. नट ताजा फिरवलेला, हाताला ग्रीस लागलं.

"कवा केली वं ही?"

कुसुम मधेच बोलली, "बाबा, आई रोज शिकते. तलावाच्या पाळीवर. मी मागं बसतो. आमी तीनदा पडलो, एकडाव म्हशीवर."

मी मागं बसलो. काय करणार होतो? गावातून निघालो तेव्हा कोणीतरी म्हणालं, "वा मिस्त्री, डब्बा झाले काय जी?" मी मान खाली घातली. सगुणानं घंटी वाजवली.

रस्ताभर मी मागून ओरडत होतो. ब्रेक दाब, डावीकडं घे, चढ आला, जोर लाव. ती म्हणाली, "बोंबलू नका. मी मागून बोंबलत होती तवा तुमी आयकलं का?"

मग मी गप्प झालो. गप्प झाल्यावर पायांना कळायला लागलं. चढ लागला की तिचा जोर पायडलमधून माझ्या पायात यायचा, थकली की पायडल जड व्हायचं आणि मी दाबायचो. न सांगता. इतकी वर्षं मी पुढं होतो, तेव्हा माझंही तिला असंच कळत असणार. मी कधी विचारलं नव्हतं.

नाल्यातून दोन माणसांनी सायकल उचलून पलीकडे दिली. पलीकडे सरळ रस्ता होता, दोन्हीकडे धानाची रोवणी झालेली. सगुणा एकदम म्हणाली, "किती दिसते बाप्पा समोरून!"

मी म्हटलं, "याच रस्त्यानं किती डाव आणलं तुले."

"हव. अन् मी तुमची पाठ पायली. बनियनले कुठी कुठी भोकं आहेत थे इचारा मले."

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

थेंब मिळाले. त्यानंतर तपासणीला, माहेरी, बाजाराला तीच पुढं बसायची. लोक हसले, मग थकले. थोडीच वर्षं मिळाली. पुढं तिला कावीळ झाली आणि ती गेली. तिच्या आजारात मी तिला जोडसायकलवर कुठंच नेऊ शकलो नाही. बंडीतून न्यावं लागलं.

आता मी म्हातारा आहे. गोल अजून आहे, थोडा आणखी लहान झाला आहे. थेंब मी स्वतः टाकतो. हा आजार घराण्यात उतरतो म्हणतात, म्हणून कुसुमचे डोळे दरवर्षी तपासायला लावतो. तिचं प्रेशर बरोबर आहे. जोडसायकलच्या दोन्ही चेन मी रॉकेलनं धुतो, तेल देतो. पुढची सीट वर केलेली नाही.

ज्यांना हे होईल त्यांना सांगतो. चाळिशी झाली की डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या, दिसत असलं तरी मोजा. घरचं माणूस म्हणतं की तुम्ही तांब्या लाथाडता, तर त्याचं ऐका. ज्यांनी माझ्या डोळ्यातल्या पाण्याला वाट करून दिली त्या डॉक्टरांना, त्या काठीवाल्या बाईला माझा रामराम.

नळीएवढ्या गोलात माणसाला काय दिसतं असं लोक विचारतात. मागच्या सीटवरून मला सगुणाची पाठ दिसायची. अंबाडा, पाठीवरचा घाम, चोळीची शिवण. तेवढ्या गोलात ती पुरी मावायची. तिनं पुढं बसावं यासाठी माझे डोळे जायला नको होते. मला चांगलं दिसत होतं तेव्हाच मी मागं बसायला पाहिजे होतं.