खालच्या गॅलरीतली खसखस

बुधवार, १६ मे २००७. निशी-कसाई, टोकियो. ऊन चांगले, गाद्या वाळत घातल्या. सूनबाई दिपाली पावणेनऊला कामावर गेली. नीलकंठ विरजण नेण्यास आला. सोसायटीची सूचनांची फाइल आली, तीत अफूच्या झाडांचे चित्रपत्रक. मोहनरावांनी युद्ध पुकारले.

हे युद्ध कोणी कोणाविरुद्ध पुकारले ते सांगायचे, तर आधी नीलकंठबद्दल सांगायला हवे.

नीलकंठ खांबेटे आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. इमारतीतले बाकीचे मराठी तरुण कॉम्प्युटरवाले. हा एकटाच कायद्याचा, विद्यापीठात डॉक्टरेट करणारा. विषय असा: एखाद्या देशाचा राष्ट्राध्यक्ष अमली पदार्थांच्या तस्करांवर स्वतःच्या मर्जीने सैन्य सोडू शकतो का? की त्याला कोणाला तरी विचारावे लागते? इतक्या मोठ्या प्रश्नाचा मालक लिफ्टमध्ये मात्र दोनचे बटण दाबायलाही संकोचायचा. त्याची बायको सुलेखा चिपळूणला व्हिसाची वाट पाहत होती. कागद इथल्याच कचेरीत अडकले होते, आणि तो रोज घरी आल्यावर आधी टपालपेटी उघडायचा, मग दार.

मोहनराव म्हणजे लष्कराच्या रेशन डेपोतून निवृत्त झालेले सुभेदार. मुलाकडे राहायला आलेले. इमारतीतल्या नऊ भारतीय कुटुंबांनी त्यांना गणपतीपुरते अध्यक्ष केले होते. गणपती गेले, अध्यक्षपद राहिले.

"वहिनी, शनिवारी सकाळी सगळ्या गॅलऱ्या तपासणार," ते फाइल माझ्या हातात देत म्हणाले. "जपान्यांनी बोट दाखवण्याआधी आपणच सफाया करायचा. माझ्याबरोबर दोघे. शिट्टी आहे माझ्याकडे."

"दार नाही उघडलं तर?"

"उघडतील. शिट्टी फार मोठी आहे."

विरजणाची वाटी धरून नीलकंठ दारातच उभा होता. "पण काका, तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?"

"अध्यक्ष आहे मी! समुद्रात अफूची बोट दिसली, की उडवायची. विचारत काय बसायचं?"

"उडवल्यावर बोटीत अफू होती की मासे, हे कसं कळणार?"

मोहनराव त्याच्याकडे, रेशनमध्ये खडा सापडावा तसे बघत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलकंठ पुन्हा आला. चेहरा पांढरा. "आजी, जरा खाली येता?"

त्याच्या गॅलरीत तुळशीची कुंडी होती. तुळस थंडीतच गेली होती. तिच्या जागी एक उंच, निळसर पानांचे रोप डौलात उभे होते, वर फिकट फूल. पाने देठाला मिठी मारून बसलेली, अगदी पत्रकातल्या चित्रासारखी.

"आपोआप उगवलं. मला वाटलं शुभशकुन आहे. सहा महिने पाणी घालतोय. सुलेखाला फोटोही पाठवला."

"उपटून टाक."

"कोणत्या कचऱ्यात? जळणाऱ्या कचऱ्याची पिशवी पारदर्शक आहे. आणि तळमजल्यावरच्या ओगावा-सान प्रत्येक पिशवी वाचतात. पोलिसांत नाव गेलं तर सुलेखाचा व्हिसा संपला." मग हळूच म्हणाला, "आणि शनिवारी मी काकांना अडवलं, तर लोक म्हणतील, चोरच कायदा शिकवतोय."

मी वर पाहिले. कुंडीच्या नेमका वर आमच्या गॅलरीचा कठडा होता. वर जाऊन मी मागच्या वर्षीची वही काढली.

शनिवारी खालच्या सभागृहात सगळे जमले. मोहनरावांच्या गळ्यात शिट्टी. नीलकंठ उठला.

"काका, गुन्हा असेल तर त्याला पोलीस आहेत, न्यायालय आहे. युद्ध ही वेगळी गोष्ट आहे. आणि ते एकट्या माणसाने ठरवायचं नसतं. आधी या सगळ्यांना विचारा."

"आमच्या कॉन्व्हेंटमध्ये," मी म्हटले, "सिस्टर बर्नाडेटनासुद्धा चिंचा शोधायच्या तर मुलीला समोर उभं करूनच डेस्क उघडावं लागे. हात वर करा पाहू. तपासणी नको असणारे?"

नऊपैकी सात घरांचे हात वर आले. आठवा मोहनरावांच्या सुनेचा. तो अर्ध्यावर घुटमळला.

मोहनराव लाल झाले. "एवढा कायदा सांगतोस, तुझ्याकडे काही आहे का रे?"

सभा जिंकून झाली होती. गप्प बसला असता तरी चालले असते. पण नीलकंठ म्हणाला, "आहे. पत्रकात लिहिलंय तसं, सोमवारी मी स्वतः आरोग्य केंद्राला फोन करणार आहे."

मी वही उघडली आणि चष्मा लावून वाचले: "'बुधवार, १८ ऑक्टोबर २००६. अनारसे तेवीस, एक फसला. पुण्याहून आणलेली खसखस ताटात उरली, ती चिमण्यांसाठी कठड्यावरून झटकली.' खसखस हे अफूचंच बी, म्हणजे पेरणी माझी. पुढे लिहिलंय, 'मोहनराव आले. सात खाल्ले.'"

"म्हणजे मी काय साथीदार?"

"ते न्यायालय ठरवेल, काका," नीलकंठ म्हणाला. सगळ्यात आधी मोहनरावांची सूनच हसली.

सोमवारी केंद्राचे दोघे आले. दाराबाहेर थांबून आत येऊ का म्हणून विचारले, ओळखपत्रे दाखवली, बूट काढले. रोप मुळासकट काढून पिशवीत घातले. मी वही पुढे केली, दिपालीने अर्थ सांगितला. थोरल्याने मान डोलावली: बी असे वाऱ्यानेही येते, कळवल्याबद्दल आभार. मग दोघे रिकाम्या कुंडीलाही वाकल्यासारखे वाकून गेले. जिन्यात मोहनरावांनी त्यांना कडक सलाम ठोकला. शिट्टी खिशात होती.

सुलेखा जूनच्या शेवटी आली. येताना नवी तुळस आणता आली नाही म्हणून हळहळली. नीलकंठने मात्र विमानतळावरच तिच्या बॅगेत खसखस नाही ना, हे विचारले. आधी तिची परवानगी घेऊन.

रोप गेले त्या सोमवारी संध्याकाळी मी वहीत लिहिले होते: उरलेली खसखस भाजून खिरीत संपवली. डबा धुऊन त्यात साबुदाणा भरला.