एका जागी उडायला शिकताना

आभाळराव तीस वर्षं टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसले. त्यांच्याइतकी उंची एखाद्या घारीनेही सलग पाहिली नसेल, पण ते उडाले मात्र बोटभरही नाहीत. जमिनीत रोवलेल्या लोखंडाच्या टोकावर बसणं म्हणजे उडणं नव्हे. हे नाव त्यांना खालच्या सळईवाल्यांनी ठेवलं होतं. त्यांना हाक मारायची तर मान मोडेपर्यंत वर बघावं लागे, म्हणून आभाळराव. घरी बायको ते नाव टोमण्यापुरतं राखून ठेवत असे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक गोष्ट घडली आणि ती त्यांच्या डोक्यातून जाईना. एका दवाखान्याच्या गच्चीवर थंड हवेचं यंत्र चढवायचं होतं आणि क्रेनचा हात तिथवर पोचत नव्हता. म्हणून हेलिकॉप्टर मागवलं. सगळं काम थांबवून माणसं लांब उभी राहिली. आभाळराव मात्र केबिनमध्येच होते. हेलिकॉप्टर आलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत, समोर, हवेत उभं राहिलं. खाली दोर, दोराला यंत्र. ओझं त्यांना कळत होतं, दोरही कळत होता. दोराच्या वरचं काही कळेना. आपलं ओझं क्रेनला टांगलेलं आणि क्रेन जमिनीला धरून. पण हा गडी कशाला टांगलेला आहे?

नोकरी संपली, डबा घरी आला, हेल्मेट घरी आलं, आणि हा प्रश्नही त्यांच्या मागे मागे घरी आला.

त्याच सुमाराला क्रेन-प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं. नव्या चालकांना शिकवायला येता का? शुक्रवारपर्यंत कळवा. आभाळरावांना जावंसं फार वाटत होतं, तरी त्यांनी नाही म्हणायचं ठरवलं. न जमणाऱ्या कामाला हो म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हाताची विद्या तोंडाने देता येत नाही," ते बायकोला म्हणाले. "आमचे उस्ताद दोन वर्षांत एक वाक्य बोलले नाहीत. चुकलो की मनगटावर फटका. बस्स. माझ्या हाताला येतं गं, मला कुठे येतं?"

बायको बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत होती. ती म्हणाली, "मग मी काय इतकी वर्षं गाडीत बसून माशा मारतेय?"

"गाडीचं वेगळं."

"हो ना. ती जमिनीवर असते. हलक्या लोकांची."

नकाराचं पत्र लिहून झालं, पण पाकिटात गेलं नाही.

जावयाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना सासऱ्यांकडे पाठवून दिला. सोबत विमान उडवायचा खेळ आणि त्याचं सगळं लटांबर होतं: हातात धरायची दांडी, खुर्चीच्या बाजूला लावायची तरफ आणि दोन पायपट्ट्या. इस्त्रीचं टेबल बाहेर गेलं आणि ती खोली आभाळरावांची झाली. पायपट्ट्या फरशीवर घसरायच्या, म्हणून त्यांनी खाली रबरी पायपुसणं घातलं आणि सगळं सुतळीने खुर्चीच्या पायाला आवळलं.

जावई फोनवर म्हणाला, "बाबा, आधी विमानापासून सुरुवात करा. सोपं असतं."

"विमान पुढे गेलं नाही तर पडतं," आभाळराव म्हणाले. "मला पुढे जायचंच नाहीये."

यादीत हेलिकॉप्टरं डझनभर होती. जावयाने मोठं सुचवलं, त्यात तोल सांभाळणारं यंत्र असतं. आभाळराव तीन दिवस एकेकाच्या आत बसून आले, उपवर मुलीचा बाप स्थळं बघतो तसे. मोठं त्यांनी बाद केलं. तोल दुसऱ्याने सांभाळायचा तर आपण बसायचं कशाला? शेवटी एक छोटं, दोन माणसांचं पसंत पडलं. त्याच्या पायांपुढे काच होती. क्रेनच्या केबिनमध्येही पायांखाली काच असते, तीतून चालक ओझ्यावर नजर ठेवतो. त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

माहेराने पहिल्या सकाळी त्यांना अकरा वेळा आपटलं. डावा हात तरफ उचलतो, यंत्र वर जातं. उजवा हात दांडी कलवतो, यंत्र तिकडे सरकतं. पाय नाक वळवतात. वेगवेगळं सगळं यायचं. पण एकदम केलं की यंत्र दोन हात वर उठायचं, झुलायला लागायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि तिसऱ्या झोक्याला कुशीवर पडायचं. आभाळरावांना राग येत नव्हता. नक्की काय होतंय एवढंच बघायचं होतं. ते पुन्हा उचलत, पुन्हा पायांपुढच्या काचेत बघत, पुन्हा पडत.

बुधवारी दुपारी बायको दोन शिकवण्यांच्या मध्ये जेवायला घरी आली आणि हात पुसत दारात उभी राहिली.

"अहो, तुम्ही हात का सोडता?"

"कुठे सोडतो?"

"आत्ता सोडलात की."

"काहीतरीच. घट्ट धरलीय दांडी."

ती पुढे आली. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यांच्या उजव्या हाताच्या पालथ्या पंजावर ठेवला. "आता उडवा."

यंत्र उठलं. झुललं. पुन्हा झुललं. आणि किल्ल्या खळ्ळकन फरशीवर पडल्या.

आभाळराव आधी किल्ल्यांकडे बघत राहिले, मग स्वतःच्या पंजाकडे. पंजा उघडा होता. कधी उघडला ते त्यांना माहीत नव्हतं.

मग त्यांच्या लक्षात आलं. क्रेनची तरफ सोडली की आपोआप मध्यावर येते, आणि मध्यावर आली की सगळं थांबतं, ब्रेक लागतो. शंका आली की हात सोड, हे उस्तादांनी फटके मारून मनगटात भरलं होतं. त्या एका सवयीने तीस वर्षांत खालच्या किती माणसांची डोकी शाबूत राहिली होती. पण इथे मध्यावर थांबणं नव्हतंच. थांबणं कुठेच नव्हतं. ते यंत्र कशालाच टांगलेलं नव्हतं. सारखं पडत होतं आणि कुणीतरी ते सारखं सावरायचं होतं.

"आणि खाली काय शोधताय? काही सांडलंय का?" बायको म्हणाली. "नवशिके असेच बॉनेटकडे बघतात. लांब बघा. त्या झाडांकडे."

गुरुवारी सकाळी त्यांनी लांबच्या झाडांवर नजर ठेवली, हात सोडला नाही, आणि चाळीस आकडे मोजेपर्यंत यंत्र एका जागी उभं राहिलं. सायकलच्या चाकात अडकलेल्या पतंगासारखं थरथरत होतं, पण उभं होतं.

खाली उतरल्यावर त्यांना वेगळंच कुतूहल लागलं. बायको चहा घेऊन आली तसं त्यांनी विचारलं, "काल तुला कसं दिसलं गं? तुला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मी पडद्याकडे बघतच नव्हते. शिकणाऱ्याकडे बघत होते."

आभाळराव उठले. "बस इथे."

"मी? मला अकराला शिकवणी आहे."

"दहा मिनिटं."

ती बसली. यंत्र उठलं आणि भोवऱ्यासारखं गरगर फिरून आपटलं. पुन्हा उठलं, पुन्हा गरगर. आभाळरावांचा उजवा हात फटका मारायला आपसूक वर गेला.

"हात उचललात तर संध्याकाळचा स्वयंपाक तुमचा," ती मागे न बघता म्हणाली.

फटक्याचा तसाही उपयोग नव्हता. ते गुडघ्यावर बसले आणि टेबलाखाली बघायला लागले. हात तिचे ठीक होते. चूक पायात होती, आणि तिथवर उस्तादांची विद्या पोचत नव्हती. तोंड उघडणं भाग होतं.

"यंत्र हललं की तू डावा पाय पूर्ण दाबतेस," ते सावकाश म्हणाले. "तो क्लच नाही. दाबशील तेवढं नाक डावीकडे जाईल."

"मी कुठे दाबतेय?"

"आत्ता दाबलास."

"काहीतरीच!" असं म्हणून तिने खाली बघितलं. डावी चप्पल पायपट्टीला तळापर्यंत टेकली होती. ती खो खो हसत सुटली.

आभाळराव हसले नाहीत. आपण आत्ता काय बोललो ते त्यांना पुन्हा एकदा ऐकायचं होतं. ते साधं वाक्य होतं. कुणालाही सांगता आलं असतं. आधी खाली वाकून बघायला मात्र हवं होतं.

शुक्रवारी त्यांनी केंद्राला फोन लावला. येतो म्हणाले. पलीकडच्या कारकुनाला आनंद झाला आणि त्याने लगेच विचारलं की काय काय शिकवणार, म्हणजे फॉर्ममध्ये भरता येईल.

"ते मुलं बसल्याशिवाय कसं सांगू?"

"पण साहेब, रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"लिहा, हात आणि पाय."

"एवढंच?"

 आतल्या खोलीतून पात्यांची घरघर येत होती. शुक्रवार बायकोच्या सुट्टीचा, आणि ती आपणहून खुर्चीत जाऊन बसली होती. घरघर अचानक वाकडी झाली.

"एक मिनिट हं," त्यांनी फोन छातीशी धरला आणि आत बघत ओरडले, "अगं, पाय!"